काळविटाची शिकार आणि तिचे वाटाडे

काळवीट आणि चिंकारा ही पश्चिम भारतातल्या कोरड्या माळांची हरणे. काळवीट उघड्या, सपाट गवताळ रानात कळपाने राहतो. चिंकारा खडकाळ टेकड्या, ओढ्यांचे काठ आणि काटेरी झुडपे असलेल्या जमिनीत दोघा-चौघांच्या टोळीने वावरतो. चिंकाऱ्याचे वजन वीस-बावीस किलोच्या आसपास, काळविटाच्या नराचे साधारण चाळीस. दोघांचीही शिंगे गळून पडत नाहीत, जन्मभर वाढतात. काळविटाची पीळदार शिंगे आणि वरून काळी, खालून पांढरी अशी कांती यांमुळे या नराला शिकाऱ्यांच्या जगात फार मोठा मान होता. या शिकारीचा इतिहास राजेरजवाडे, साहेब आणि बंदुका यांच्या नावाने सांगितला जातो. प्रत्यक्षात ती प्रत्येक काळात वाटाड्यांच्या, म्हणजे माग काढणाऱ्यांच्या आणि जनावराची चाल जाणणाऱ्यांच्या जिवावर उभी होती.

तापीकाठचे कामरेज या इतिहासात बडोदे संस्थानामुळे येते. गाव फार जुने आहे. ताम्रपटांत उल्लेखलेले कार्मणेय म्हणजेच कामरेज, असे इतिहासकार मानतात. गायकवाडांच्या राज्यात ते नवसारी प्रांताचे एक महालाचे ठाणे होते आणि शेजारचे सुरत शहर इंग्रजांकडे होते. गायकवाडांच्या सत्तेचा उगमही याच प्रांतात झाला. पिलाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सोनगडला आपले ठाणे वसवले आणि पुढे 1734 मध्ये बडोदे शहर घराण्याच्या ताब्यात आले. प्रांताची पूर्व बाजू, म्हणजे सोनगड आणि व्यारा, सागाच्या दाट जंगलाची होती. कामरेजच्या बाजूला काळ्या मातीची सपाटी होती. जंगलात वाघ-बिबट्याची शिकार आणि उघड्या रानात हरणांची, अशी संस्थानातल्या शिकारीची ढोबळ वाटणी होती.

हरणांच्या शिकारीची परंपरा दख्खनला नवी नव्हती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात मृगयेचे सविस्तर वर्णन आहे. माणसाळवलेल्या चित्त्याकडून हरीण धरण्याचा भारतातला अगदी जुना उल्लेख त्यातच सापडतो. अकबराच्या काळात चित्त्यांचे प्रशिक्षण आणि त्यांचे रोजचे मांस यांचे नियम ठरले आणि 'आईन-इ-अकबरी'त त्यांची नोंद झाली. मराठी राज्यात शिकारखाना हा अठरा कारखान्यांपैकी एक होता. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तिथल्या सिंहाची आणि गेंड्याची चित्रे गंगाराम तांबट या चित्रकाराने 1790 च्या सुमारास काढली.

बडोद्यात या शिकारीला खरा बहर आला तो खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, 1856 ते 1870 या काळात. महाराजांना कुस्ती, हत्तींच्या झुंजी आणि शिकार यांचा मोठा नाद. शहराच्या दक्षिणेला मकरपुऱ्यात त्यांनी शिकारीसाठी वाडा बांधला आणि भोवतालचे रान हरणांसाठी राखले. 1864 च्या सुमारास लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी बडोद्याला महाराजांचा पाहुणा होता. चित्त्याने काळवीट धरल्याचे त्याने डोळ्यांनी पाहिले आणि आपल्या प्रवासग्रंथात चित्रांसह छापले. नोव्हेंबर 1875 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, बडोद्याला आले. सयाजीराव महाराजांना गादीवर बसून तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते आणि त्यांचे वय अवघे बारा वर्षांचे होते. पाहुण्यांच्या करमणुकीत हत्तींच्या झुंजींच्या जोडीला चित्त्याची शिकारही होती. परक्या पाहुण्याला रानात नेणे, जनावर समोर आणून देणे आणि त्याला सुखरूप परत आणणे ही जबाबदारी तेव्हा दरबाराच्या शिकारखात्याची होती. त्याची फी नव्हती, पण राजकीय मोल मोठे होते.

चित्ता पाळणे सोपे नव्हते. बंदिवासात त्याची पैदास जवळजवळ होत नसे, म्हणून प्रत्येक जनावर रानातूनच धरावे लागे. तेही पिल्लू असून चालत नसे, कारण आईकडून शिकार न शिकलेला चित्ता कामाचा नसतो. चित्ते ठरावीक झाडांपाशी येऊन बुंध्याला नख्या घासतात, हे पारध्यांना माहीत होते. त्या झाडाभोवती ते फास लावून ठेवत. धरलेल्या चित्त्याला खाटेला बांधून, माणसांच्या वर्दळीत ठेवून, हाताने खाऊ घालून काही महिन्यांत माणसाळवले जाई. हे काम करणारा तो चित्तेवान. रात्रंदिवस तो जनावराच्या सोबत असे.

शिकारीच्या दिवशी चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बैलगाडीवर बसवत. काळवीट माणसाला पाहून पळतो, पण शेतातल्या बैलगाडीला बुजत नाही. गाडीवान कळपाच्या रोखाने सरळ जात नसे. तो दुसरीकडेच निघाल्यासारखा वळसे घेत अंतर कमी करत जाई. शंभर-दीडशे पावलांवर आल्यावर चित्तेवान जनावराचे तोंड कळपाकडे करून टोपी काढी. चित्ता गाडीवरून उतरून दबत पुढे सरके आणि मग एकदम झेपावे. त्याची धाव चार-पाचशे मीटरांपलीकडे टिकत नाही. तेवढ्यात काळवीट हाती लागला नाही तर तो थांबे आणि त्या दिवशी पुन्हा धावायला नाखूश असे. हरीण सापडलेच तर त्याचा गळा धरून तो बसून राही. चित्तेवान धावत येऊन हरणाच्या गळ्यावर सुरी चालवी आणि गरम रक्त लाकडी पळीत धरून चित्त्यापुढे करी. चित्ता पकड सोडून रक्त पिऊ लागे. तेवढ्यात टोपी पुन्हा डोळ्यांवर चढे. शेवटी एक तंगडी त्याला बक्षीस मिळे.

या साऱ्या कसबाच्या मुळाशी फासेपारध्यांची विद्या होती. पारधी स्वतः शिकार करी ती फाशांनी. जनावरांच्या स्नायूंपासून वळलेल्या बारीक दोऱ्यांचे फास खुंट्यांना बांधून तो हरणांच्या वाटेवर ओळीने लावी. शिकवलेल्या बैलाच्या किंवा गाईच्या आड राहून तो कळपाकडे सरके. बैल चरत चरत पुढे जाई आणि पारधी त्याच्या पोटाआड वाकून चाले. अशा रीतीने कळप फाशांकडे वळवला जाई. गुजरातेत पावलांचे ठसे ओळखणाऱ्या पगींची पिढीजात परंपरा होती. खुराच्या ठशावरून नर की मादी, दमलेला की ताजातवाना, किती वेळापूर्वी गेला, हे ते सांगत. गेल्या शतकातल्या शिकारीच्या छायाचित्रांत पाहुणा पुढे, जनावर त्याच्या पायाशी आणि ही माणसे मागच्या रांगेत दिसतात. त्यांची नावे बहुधा कुठेच नोंदलेली नाहीत. गुन्हेगार जमाती कायद्याच्या अमलात पारध्यांच्या अनेक वस्त्या पोलिसांच्या हजेरीखाली आल्या. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या राज्यातली ही हजेरी 1918 मध्ये बंद केली आणि फासेपारध्यांना नोकऱ्या दिल्या. महाराज स्वतः चित्त्याच्या शिकारीचे मोठे शौकीन असल्याने या लोकांची लायकी त्यांना रानातच दिसली होती. देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर कोल्हापूर आणि भावनगर या दरबारांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले.

इंग्रजांच्या काळात शिकारीचा हेतू बदलला. दरबारी शिकारीत चित्त्याची धाव पाहणे हा आनंद होता, तर साहेबाला भिंतीवर टांगायचे डोके हवे होते. मुंबईत 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सुरुवातीचे अनेक सभासद शिकारी होते. त्यांच्या नोंदींतूनच भारतीय प्राण्यांचा बराच अभ्यास पुढे गेला. लंडनच्या रोलंड वॉर्ड कंपनीने 1892 मध्ये शिंगांच्या मोजमापांचे पुस्तक काढले आणि शिंगांची लांबी, घेर, पीळ यांवरून शिकाऱ्यांत चढाओढ सुरू झाली. म्हैसूरची व्हॅन इंजेन ही पेढी देशभरातल्या संस्थानिकांची आणि साहेबांची जनावरे पेंढा भरून देई. कायदाही हळूहळू येत गेला. राखीव जंगलात शिकारीला परवाना लागू झाला आणि 1912 च्या कायद्याने काही पशुपक्ष्यांना ठरावीक काळात संरक्षण मिळाले. मादी मारायची नाही हा शिकाऱ्यांचा आपसातला दंडक होता, पण तो पाळणे न पाळणे ज्याच्या त्याच्या मनावर होते.

स्वातंत्र्यानंतर हीच मार्गदर्शित शिकार पैशावर मिळू लागली. संस्थाने विलीन झाली. बडोदे 1 मे 1949 रोजी मुंबई राज्यात गेले आणि कामरेज सुरत जिल्ह्यात आले. राजांची राखीव राने वनखात्याकडे आली. मराठी मुलखात या धंद्याचे ठळक उदाहरण नागपुरात होते. तिथल्या मॉरिस कॉलेजात शिकलेले विद्याचरण शुक्ल, जे पुढे केंद्रीय मंत्री झाले, त्यांनी राजकारणात येण्यापूर्वी अ‍ॅल्विन कूपर नावाची कंपनी काढली होती. ही कंपनी परदेशी पाहुण्यांसाठी शिकारीच्या आणि छायाचित्रणाच्या मोहिमा आखत असे. वनखाते जंगलाचे शूटिंग ब्लॉक पाडून ठरावीक दिवसांसाठी परवाना देई. तंबू, स्वयंपाकी, जीप, मचाण आणि हाकारे यांची सोय अशा धंद्यातली कंपनी करी. पाहुण्यांचे मुख्य लक्ष्य वाघ असले, तरी चितळ, सांबर, काळवीट हेही परवान्यात येत. दरबारी पाहुणा आणि पैसे मोजणारा पाहुणा यांच्यात एक साम्य होते. दोघांनाही रान अनोळखी होते आणि गोंडांचे किंवा पारध्यांचे बोट धरल्याशिवाय त्यांना जनावर दिसत नव्हते.

याच काळात उघड्या माळावरची हरणे सर्वांत वेगाने संपली. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप स्वस्तात मिळू लागल्या. रात्री दिव्याच्या झोतात हरीण थिजून उभे राहते आणि चालत्या जीपमधून त्याला मारायला ना मागाची गरज, ना वाटाड्याची. पीकरक्षणासाठी बंदुकांचे परवाने सढळ हाताने वाटले गेले. राजाचा धाक उरला नव्हता आणि नव्या कायद्याची पकड अजून बसायची होती. त्यातच माळ नांगराखाली गेले. तापीवर काकरापारचा बंधारा आणि नंतर उकाईचे धरण झाले, तसा कामरेजच्या भोवती कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. सोनगडच्या बाजूचे बरेच रान जलाशयाखाली गेले. बंदूक परत घेता येते, नांगरलेला माळ मात्र सहसा परत मिळत नाही. म्हणून काळविटाच्या ऱ्हासात बंदुकीइतकाच वाटा शेतीच्या विस्ताराचा मानावा लागतो. चित्ता तर त्याच्याही आधी गेला. 1947 मध्ये कोरिया संस्थानाच्या राजाने तीन चित्ते मारले, ते भारतातले शेवटचे निश्चित नोंदलेले चित्ते. 1952 मध्ये तो देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा धंदा कायमचा बंद केला. काळवीट आणि चिंकारा दोन्ही पहिल्या अनुसूचीत गेले. त्यानंतर राखलेल्या जागा दोन प्रकारच्या आहेत. काही जागा जुन्या शिकारी रानांतून आल्या. भावनगरचे महाराज जिथे चित्त्याने काळवीट धरत, ते वेळावदर 1976 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. सुरतच्या दक्षिणेला वांसदा संस्थानाचे खाजगी जंगल 1979 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. दुसऱ्या प्रकारच्या जागा उरलेल्या माळांतून वाचवल्या गेल्या. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात कर्जतजवळचे रेहेकुरी हे अवघ्या सव्वादोन चौरस किलोमीटरचे काळवीट अभयारण्य 1980 मध्ये झाले आणि बारामती तालुक्यातले सुप्याचे मयूरेश्वर चिंकाऱ्यासाठी 1997 मध्ये राखले गेले. राजाने स्वतःच्या शौकासाठी राखलेले रान पुढे जनावराच्या उपयोगी पडले, हे खरे. पण तो शौक चित्त्याच्या मुळावर आला, हेही तितकेच खरे आहे.

जगात मार्गदर्शित शिकार आजही चालते. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात आणि मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतात वाळवंटी डोंगरांतल्या काउज नावाच्या लहान, पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी शिकारी पैसे देऊन वाटाडे घेतात. हे वाटाडे तिवईवर बसवलेल्या दुर्बिणीतून तासन्‌तास समोरचा उतार चाळत बसतात. भारतातला काळवीटही तिकडे पोहोचला आहे. 1930 च्या दशकात टेक्सासच्या कुरणांत सोडलेले काळवीट तिथे वाढले आणि आज फी भरून त्यांची शिकार होते. पाकिस्तानातून काळवीट नाहीसे झाले तेव्हा लाल सुहांरा इथे पुन्हा सोडण्यासाठी जनावरे टेक्सासहूनच आणली गेली.

भारतात धंदा संपला तेव्हा पगी आणि पारधी यांची रोजी गेली. ज्या विद्येला दरबारात मान होता तीच कायद्याने गुन्हा ठरली आणि तिच्या बदल्यात त्यांना फारसे काही मिळाले नाही. वाशीम-अकोला भागातल्या काही फासेपारधी वस्त्यांनी अलीकडे माळराने राखण्याचे काम हाती घेतले आहे. गवतातला पक्षी आणि हरणाची वाट यांची त्यांची ओळख तिथे रक्षणाच्या कामी येते. काळवीट टिकवायचा तर अनुसूचीतल्या नावाबरोबरच माळ राखावा लागेल आणि माळ ओळखणारी माणसेही राखावी लागतील.