मुक्त आज्ञावलींची सहकार्य-संकेतस्थळे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
आज्ञावलीचा मूळ स्रोत वाचण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा अधिकार वापरकर्त्यास असावा, या भूमिकेतून रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये लिनक्सची भर पडली. तथापि स्रोत ठेवणे, त्रुटी नोंदविणे व चर्चा करणे यांसाठी विखुरलेल्या आज्ञावलीकारांना एकत्र जागा नव्हती.

विवेचन :
ही उणीव व्हीए लिनक्स कंपनीने नोव्हेंबर १९९९ मध्ये सुरू केलेल्या सोर्सफोर्जने भरून काढली. परंतु २००१ मध्ये त्या संकेतस्थळाची स्वतःची आज्ञावलीच बंदिस्त झाली. मुक्त आज्ञावली प्रतिष्ठानाचे सव्हाना मात्र पूर्वीच्या खुल्या स्रोतावरच चालू राहिले. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विकसित झालेल्या ज्ञानसंघटन प्रणालीने सव्हानाचाच आश्रय घेतला. गूगलची २००६ मधील अशीच सेवा २०१६ मध्ये बंद पडली. २००८ चे गिटहब २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेले. भारत शासनाने शासकीय आज्ञावलींचा स्रोत खुला करण्याचे धोरण २०१५ मध्ये स्वीकारले व त्यातून ओपनफोर्ज उभे राहिले.

निष्कर्ष :
संकेतस्थळ बंद पडले तरी मुक्त परवान्यामुळे स्रोत अन्यत्र नेता येतो. चर्चांचा व त्रुटींच्या नोंदींचा इतिहास मात्र सहज नेता येत नाही. म्हणून वैरागसारख्या ग्रामीण भागातील विद्यार्थ्यास जागतिक प्रकल्पात सहभागाचे दार उघडणाऱ्या या संकेतस्थळांची मालकी कोणाकडे, हा प्रश्न आज्ञावलीच्या परवान्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.