शिकाऊ मानसोपचारकाच्या मनाचा वाली

शिकाऊ मानसोपचारकाचा ताण हा अभ्यासक्रमाचा विषय की त्याची घरगुती बाब, हा प्रश्न क्लिनिकल सायकॉलॉजीच्या अभ्यासक्रमांहून जुना आहे. दुसऱ्याचे मन तपासणाऱ्याने आधी स्वतःचे तपासून घ्यावे, हा आग्रह धरण्याचे श्रेय फ्रॉइडने 1912 मध्ये झुरिचच्या मनोविश्लेषक मंडळींना दिले होते. 1920 मध्ये बर्लिनला माक्स आयटिंगॉन आणि सहकाऱ्यांनी मनोविश्लेषणाचा दवाखाना उघडला, आणि शिकाऊ उमेदवारांचे विश्लेषण करण्यासाठी हान्स झाक्सला खास बोलावून घेतले. उमेदवाराची घालमेल तिथे वेळापत्रकातच बसली. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. परतलेल्या सैनिकांसाठी अमेरिकी सरकारला मानसशास्त्रज्ञ हवे होते, तेही झटपट. 1949 च्या बोल्डर परिषदेने संशोधक आणि उपचारक एकाच माणसात घडवायचा आराखडा पक्का केला. त्याच वर्षी लंडनहून मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंकने लिहिले, की उपचार हे मानसशास्त्रज्ञाचे कामच नव्हे. मग त्याच्या आत्मविश्लेषणाची गरज ती काय? विद्यापीठात शिरताना या व्यवसायाने फ्रॉइडचा पंथ मागे टाकला, ते बरेच झाले. पण त्या पंथाने शिकाऊ माणसासाठी राखलेली जागाही त्याबरोबर गेली.

यावर आक्षेप येतो, की ती जागा आश्रयाची कधी नव्हतीच. आक्षेपात तथ्य आहे. ज्याच्यापुढे मन उघडे करायचे, त्याचाच शब्द उमेदवाराच्या भवितव्याला वजनदार ठरे. 1948 मध्ये मायकेल बालिंटने, स्वतः त्याच परंपरेतला असून, या प्रशिक्षणातल्या गुप्ततेवर आणि आज्ञाधारकपणावर टीका केली. शिवाय खर्च परवडणारे थोडेच. पण यातून सिद्ध होते ते एवढेच, की ऐकणारा आणि गुण देणारा वेगळे हवेत. ऐकणाराच नको, असे त्यातून निघत नाही. नव्या अभ्यासक्रमांनी मात्र पर्यवेक्षकाकडे शिकवणे, आधार देणे आणि मूल्यमापन ही तिन्ही कामे सोपवली, म्हणजे बालिंटने दाखवलेला दोष तसाच राहिला.

दुसरा आक्षेप असा, की ताण कुठल्याही पदव्युत्तर शिक्षणात असतोच. ब्रिटनमधल्या प्रशिक्षणार्थींची पाहणी 1992 मध्ये डीलिया कुशवेने प्रसिद्ध केली, तीत निम्म्याहून अधिक जण मानसिक त्रासाच्या ठरावीक पातळीच्या वर निघाले. कारणांत प्रवास, मुदती, पैशांची चणचण होती. हे कोणत्याही विद्यार्थ्याला लागू पडते, हे खरेच. पण त्याच यादीत निकृष्ट पर्यवेक्षणही होते, आणि ते रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या अडचणीसारखे नाही: इथे पर्यवेक्षकाला सांगायची गोष्ट बहुधा स्वतःच्या डगमगण्याचीच असते. ताणावर उपाय म्हणून या प्रशिक्षणार्थींनी सर्वाधिक सांगितला तो सोबतच्या प्रशिक्षणार्थींशी बोलण्याचा, म्हणजे ज्यांच्या हाती गुणपत्रिका नव्हती त्यांच्याशी.