माहेर: आईच्या नावाचं घर

सातबारा वडिलांचा, दारावरची पाटीही त्यांचीच. पण मराठीने त्या घराला नाव दिलं ते आईचं. ‘माहेर’ म्हणजे मूळचं संस्कृत ‘मातृगृह’. प्राकृतात त्याचं ‘माइहर’ झालं: ‘गृह’चं ‘घर’ झालं आणि मग ‘घ’ झिजून ‘ह’ उरला. ‘मेघ’चा ‘मेह’ झाला तसाच. राजस्थानी-हिंदीतलं ‘पीहर’ मात्र ‘पितृगृह’ शब्दातून आलं. तिथे घर बापाचं!

विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या वारकऱ्यांनी तर पंढरपूरलाच माहेर केलं.

या शब्दाचं वजन ओळखलं ते अक्षर न वाचता येणाऱ्या बहिणाबाई चौधरींनी. जन्म १८८० चा, जळगावजवळच्या असोद्याचा. ऐन तिशीत वैधव्य आलं, पदरात मुलं, वर शेताची आणि घराची कामं. दळता-कांडताना त्या ओव्या रचत. त्यांच्या एका गाण्यात माहेराचं कौतुक करणाऱ्या सासुरवाशिणीला एक जोगी विचारतो: एवढं प्रेम, मग सासरी आलीस कशाला? तिचं उत्तर असं, की आई सासरी रुजते तेव्हाच लेकीला माहेर मिळतं. व्युत्पत्तिकोशाला जे दोन ओळींत सांगावं लागतं, ते या बाईने जात्यावर बसल्या बसल्या सांगितलं.

मुलगा सोपानदेव स्वतः कवी. आईच्या ओव्या वहीत उतरवलेल्या होत्या, म्हणून त्या टिकल्या. नाहीतर पिठाबरोबरच गेल्या असत्या. ती वही त्यांनी भीतभीतच आचार्य अत्र्यांपुढे ठेवली. अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ मध्ये निघाली. आई आदल्या वर्षीच, ३ डिसेंबरला गेली होती.