डेबिट कार्ड : पिनसह आणि पिनविना

दुकानात बिल झाले, की ग्राहक डेबिट कार्ड पुढे करतो. कधी यंत्र चार आकडी पिन मागते, तर कधी कार्ड नुसते टेकवताच पावती बाहेर येते. पैसे दोन्ही वेळा त्याच खात्यातून जातात. मात्र कार्ड हरवले किंवा चोरीस गेले, तर या दोन पद्धतींतील फरक खातेदाराला चांगलाच जाणवतो.

सहीकडून पिनकडे

पूर्वी अनेक कार्डांचा व्यवहार चुंबकीय पट्टी यंत्रात घासून आणि पावतीवर सही करून पूर्ण होत असे. पावतीवरील सही कार्डामागील सहीशी ताडून पाहणे दुकानदाराकडून अपेक्षित होते. पण गर्दीच्या वेळी ही तपासणी नावापुरतीच उरे. शिवाय पट्टीवरील माहिती कायम तीच राहत असल्याने तिची नक्कल करणे सोपे होते.

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ डिसेंबर २०१३ पासून दुकानातील डेबिट कार्ड व्यवहारासाठी पिन आवश्यक करण्यात आला. त्यानंतर केवळ चुंबकीय पट्टी असलेली कार्डे बदलून चिप असलेली कार्डे देण्यासाठी बँकांना ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत होती. चिप प्रत्येक व्यवहारासाठी नवा संकेत तयार करते. त्यामुळे एका व्यवहाराची माहिती चोरून दुसरा व्यवहार करणे अतिशय अवघड असते.

पिन काय साधतो?

कार्ड ही जवळ असलेली वस्तू आणि पिन ही फक्त खातेदाराला माहीत असलेली गोष्ट. या दोन्ही जुळल्या, तरच व्यवहार पुढे सरकतो. ग्राहकाने दाबलेला पिन सांकेतिक रूपात पडताळणीसाठी जातो. तो दुकानदाराला कळत नाही आणि कळण्याचे कारणही नाही. म्हणून 'पिन सांगा, मी टाकतो' असे म्हणणाऱ्याला ठाम नकार द्यावा. चुकीचा पिन ठराविक वेळा दाबला गेल्यास कार्डाचा वापर रोखला जातो.

पिनविना व्यवहार

कार्डावर लहरींसारख्या वक्र रेषांचे चिन्ह असेल, तर ते यंत्राला टेकवून किंवा अगदी जवळ धरून पैसे देता येतात. अशा व्यवहारांना मे २०१५ मध्ये दोन हजार रुपयांपर्यंत पिनमधून सूट मिळाली. १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा पाच हजार रुपये झाली. त्याहून अधिक रकमेसाठी पिन लागतो. मर्यादेच्या आतही पिन टाकून पैसे देण्याचा पर्याय ग्राहकाला असतो.

ही मर्यादा एका व्यवहाराची आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. हरवलेले कार्ड ज्याच्या हाती पडेल, तो एकामागून एक छोट्या खरेद्या करू शकतो. बँकेने किंवा खातेदाराने घातलेली मर्यादा आड आली, तरच त्याला अटकाव होतो.

सोय बंदही करता येते

१ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार नवे कार्ड सुरुवातीस देशातील एटीएम आणि दुकानातील यंत्रांवरच चालते. कार्ड टेकवून, इंटरनेटवरून किंवा परदेशात पैसे देण्याची सोय खातेदाराने स्वतः सुरू करावी लागते. बँकेच्या मोबाइल ॲपमधून किंवा नेटबँकिंगमधून ती हवी तेव्हा बंद करता येते, तसेच रकमेची मर्यादाही कमी ठेवता येते.

नुकसान कोणाचे?

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढून ही जबाबदारी ठरवून दिली. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकरणात बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केल्यास ग्राहकावर कोणताही भार नाही. चार ते सात दिवस लागल्यास बचत खातेदाराचा भार कमाल दहा हजार रुपये, मूलभूत बचत खात्यासाठी पाच हजार रुपये. त्याहून उशीर झाल्यास बँकेच्या धोरणानुसार निर्णय होतो.

पिन दुसऱ्याला सांगणे हा मात्र ग्राहकाचा हलगर्जीपणा ठरतो. अशा वेळी तक्रार करेपर्यंतचे सारे नुकसान त्याचेच, तक्रारीनंतरचे बँकेचे. पिन टाकून झालेल्या व्यवहारात तो परक्याला कळला कसा, हा प्रश्न उभा राहतोच. पिनविना व्यवहारात तो प्रश्न नसतो, पण पैसे जाण्यास अडथळाही नसतो. दोन्ही बाबतींत तक्रारीची वेळ निर्णायक ठरते.

ग्राहकांनी हे करावे

* खात्याशी चालू मोबाइल क्रमांक जोडावा आणि प्रत्येक एसएमएस वाचावा.
* कार्ड टेकवण्यापूर्वी यंत्रावरील रक्कम पाहावी. पिन दाबताना दुसऱ्या हाताचा आडोसा धरावा.
* उपाहारगृहात किंवा पेट्रोल पंपावर कार्ड नजरेआड नेऊ देऊ नये. यंत्र जवळ मागवावे.
* कार्ड हरवताच ते ॲपमधून किंवा दूरध्वनीवरून बंद करावे, तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवावी.
* फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावरही कळवावे.
* बँकेने ३० दिवसांत उत्तर न दिल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.