खानदेशातील भिल्ल व पावरा : उगम, उत्सव आणि श्रद्धा

तापीच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूर, चोपडा, यावल व रावेर हे तालुके पसरले आहेत. येथील भिल्ल, पावरा व तडवी समाजांचा इतिहास बहुधा इतरांनीच लिहिला. 'भिल्ल' हा शब्द द्राविडी भाषांतील 'विल्' म्हणजे धनुष्य या शब्दापासून आला, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असल्यास हे नावही हातातील शस्त्र पाहून इतरांनीच दिले असावे. पावरा मात्र आपले मूळ पावागडाशी जोडतात.

इंग्रजांनी १८२५ मध्ये धरणगाव येथे औट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभारली. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या अनुयायांशी त्यांच्या फौजेची लढाई झाली. ज्यांनी या लोकांशी युद्ध केले, त्यांच्याच दप्तरांतून त्यांची ओळख आपल्यापर्यंत आली, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

श्रद्धेचे दर्शन उत्सवांतून घडते. नवसाच्या 'इंदल' उत्सवात कळंबाच्या फांद्या रोवून रात्रभर गायन व नृत्य चालते. याहामोगी ही धान्यदात्री माता. महाशिवरात्रीस गुजरातेतील देवमोगरा येथे तिची यात्रा भरते. वाघदेवाचे पूजन रानाशी असलेले नाते सांगते. होळीपूर्वीचा भोंगऱ्या हा सणाच्या खरेदीचा व भेटीगाठींचा बाजार होय. त्यास केवळ 'जोडीदार निवडण्याची जत्रा' म्हणणे हा त्या समाजावर अन्याय आहे.

तडवी भिल्ल इस्लामचे अनुयायी आहेत. इकडे तळोद्याच्या परिसरात गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात मद्यत्यागाचा व सामुदायिक आरतीचा उपदेश केला, आणि सहस्रावधी भिल्ल तो ऐकण्यास जमले. म्हणजे या लोकांनी धर्म केवळ वारशाने घेतला नाही, तर प्रसंगी स्वतः विचार करून स्वीकारला वा सुधारला.

असे असता २०११ च्या जनगणनेत सहा धर्मांस स्वतंत्र स्थान होते. उरलेल्या सर्व श्रद्धा 'इतर' या एकाच सदरात गेल्या. याहामोगीच्या उपासकाने कोणत्या सदरात जावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याचाच आहे. अभ्यासकाने त्यास आपल्या सोयीचे नाव देऊ नये. त्याने स्वतःस दिलेले नाव प्रथम ऐकावे व मगच लेखणी उचलावी, असे आम्हांस वाटते.