संक्रांत पुढे का सरकते?

आपले बहुतेक सण तिथीचे. गुढीपाडवा, नागपंचमी, दसरा, दिवाळी यांपैकी कोणताही घ्या, इंग्रजी तारीख दर वर्षी निराळी यायची. एक मकरसंक्रांत तेवढी तारखेला धरून बसलेली. चौदा जानेवारी म्हटले की संक्रांत, हे शाळेतले लहान पोरही सांगते. पण अलीकडे काही वर्षी कॅलेंडरात ती पंधराला छापलेली दिसते आणि घरोघर विचारणा सुरू होते, "यंदा हे काय नवीन?"

खरे सांगायचे तर यात नवीन काही नाही. संक्रांत शेकडो वर्षे पुढेच चालली आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालचा, ऐन संक्रांतीच्या दिवशीचा. तारीख होती १२ जानेवारी. त्याच्याही मागे जाऊ. पानिपतची लढाई १७६१ च्या १४ जानेवारीस झाली. तारीख पाहून पुष्कळ जण म्हणतात की मराठ्यांवर संक्रांतीच्या दिवशीच संक्रांत कोसळली. पण हिशेब मांडला तर त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येऊन गेली होती. लढाईचा दिवस पौष शुद्ध अष्टमीचा, बुधवारचा. सण आधीच उलटला होता.

मग ही सरकते कशी? संक्रांत म्हणजे सूर्याने एका राशीतून दुसऱ्या राशीत जाणे. आपले पंचांगकर्ते सूर्याची जागा ताऱ्यांवरून मोजतात. याला निरयन गणना म्हणतात. ऋतू मात्र ताऱ्यांवर चालत नाहीत. ते सूर्य उत्तरेला किंवा दक्षिणेला किती कलला यावर चालतात. त्या मोजणीला सायन म्हणतात. पृथ्वीचा आस फिरत्या भोवऱ्यासारखा फार सावकाश डुलतो. त्यामुळे ताऱ्यांचे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे भरते. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर जरूर घालावे. वीस मिनिटे गुणिले बहात्तर वर्षे, म्हणजे १४४० मिनिटे, म्हणजे एक दिवस. दर बहात्तर वर्षांनी संक्रांत ऋतूच्या मानाने एक दिवस मागे पडते, म्हणजेच कॅलेंडरात एक दिवस पुढे जाते.

आता उत्तरायणाचे पाहा. दिवस मोठा होऊ लागतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास. आपण उत्तरायणाचा सण करतो तो त्यानंतर चोवीस दिवसांनी. चोवीस गुणिले बहात्तर केले की सुमारे सतराशे वर्षे येतात. तेव्हा, सतराशे वर्षांपूर्वी, खरे उत्तरायण आणि मकरसंक्रांत एकाच वेळी होत असत. पूर्वजांनी सण चुकीच्या दिवशी ठेवला नव्हता. दिवस बरोबर होता, आपण तो तिथून हलू दिला.

जुन्या जाणत्यांना हे ठाऊक नव्हते असेही नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत नोंद केली आहे की, पूर्वी उत्तरायण धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी होई असे शास्त्रांत सांगितले आहे, आता मात्र ते मकरेच्या आरंभी होते. नुसता ग्रंथावर भरवसा न ठेवता, उगवत्या-मावळत्या सूर्याची जागा दूरच्या खुणेवरून पाहावी, सावली मोजावी, असेही तो सांगतो.

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न धसास लावला तो बव्हंशी शिक्षकांनी. कोकणातल्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक. १८९६ साली त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास' प्रसिद्ध झाला. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह त्यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. सण ऋतूंशी जोडलेले असतील तर पंचांगही ऋतूंना धरून हवे, असे त्यांचे म्हणणे. लोकमान्य टिळकांनीही पंचांग शुद्ध व्हावे म्हणून खटपट केली, पण त्यांचा मार्ग निरयनाचा होता. वाद झाले, परिषदा भरल्या. सबंध समाजाचे एकमत काही झाले नाही.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली समिती नेमली. तिचा अहवाल १९५५ साली आला आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे शके १८७९ च्या १ चैत्रापासून, भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे महिने ऋतूंना धरून आहेत. आकाशवाणीवर शके अमुक अशी तारीख सांगतात ती हीच. सण मात्र लोकांनी आपापल्या पंचांगांप्रमाणेच चालू ठेवले.

कोणी म्हणेल, एका दिवसाने काय बिघडते? संक्रांतीचे सुगड पाहा. त्यात ऊस, बोरे, गाजर, हिरव्या हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी. थंडीत अंगाला स्निग्ध हवे आणि रानात या वेळी हेच पिकलेले असते, म्हणून सणाने ते ताटात आणले. आणि गोष्ट एकट्या संक्रांतीची नाही. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्षाहून अकरा दिवसांनी तोकडे. म्हणून सुमारे तेहतीस महिन्यांनी अधिक महिना घालतात. ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांतच होत नाही, तो अधिक. म्हणजे बाकीच्या सणांची दोरीही संक्रांतीच्याच हाती. ती सरकली की पोळा, घटस्थापना, दिवाळी, सगळी माळ तिच्यामागून सरकते. दोन हजार वर्षांत महिनाभराचा फरक पडतो. आणखी काही हजार वर्षांनी सुगडात घालायला हिरवा घाटा मिळायचा नाही. तोवर हरभरा खळ्यावर आलेला असेल.

सण बदला असे सांगण्याचा हा अट्टाहास नाही. तो निर्णय साऱ्या समाजाचा, आणि तो सवडीने व्हावा. पण निर्णय करायचा तर आधी माहिती हवी. गुरुजींनी शाळेच्या अंगणात एक सरळ काठी रोवावी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीअखेर, दर दोन-तीन दिवसांनी, सूर्य डोक्यावर आला की तिची सर्वांत आखूड सावली मुलांकडून मोजून घ्यावी आणि वहीत टिपावी. सावली वाढत वाढत जाईल, २२ डिसेंबरच्या आसपास थबकेल आणि मग आखडू लागेल. उत्तरायण लागले ते त्या दिवशी, हे मुलांना कोणी सांगावे लागणार नाही. संक्रांतीला तिळगूळ वाटताना ती वही वर्गात उघडावी आणि मुलांनाच विचारावे की काठीने सांगितलेला दिवस आणि आपला सण यांत किती दिवसांचे अंतर पडले.