‘ऑटोमॅटिक’ मेरिट स्कॉलरशिप : अमेरिकेतल्या स्टेट युनिव्हर्सिटीत ती कुणाला मिळते आणि कुठे हुकते?

अमेरिकेत बारावीनंतर शिकायला जायचा विषय निघाला की घरात पहिला प्रश्न येतो फीचा. आकडा ऐकून बऱ्याचदा विषय तिथेच संपतो. पण तिथल्या काही सरकारी विद्यापीठांच्या वेबसाइटवर एक साधा तक्ता असतो. एका बाजूला शाळेतले गुण, दुसऱ्या बाजूला प्रवेश परीक्षेचे गुण आणि समोर डॉलरमधली रक्कम. गुण त्या चौकटीत बसले की रक्कम मंजूर. निबंध नाही, मुलाखत नाही, पालकांच्या उत्पन्नाचा दाखला नाही.

यालाच ‘ऑटोमॅटिक मेरिट स्कॉलरशिप’ म्हणतात. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले गोळा करणाऱ्यांना हे फारच सोपं वाटेल. मात्र यात ‘ऑटोमॅटिक’ असतो तो फक्त विद्यापीठाचा निर्णय. पात्र होण्यासाठीची तयारी नववीपासूनच सुरू होते.

विद्यापीठं हे पैसे का देतात?

अमेरिकेत सरकारी विद्यापीठ हे त्या-त्या राज्याचं असतं. त्यामुळे एकाच वर्गात दोन दर चालतात. राज्यातल्या रहिवाशांना कमी फी आणि बाहेरच्यांना, म्हणजे इतर राज्यांतल्या आणि परदेशी विद्यार्थ्यांना, त्याच्या दुप्पट-तिप्पट फी. २००८ च्या मंदीनंतर अनेक राज्यांनी विद्यापीठांच्या अनुदानाला कात्री लावली आणि बाहेरून येणारा विद्यार्थी जास्त महत्त्वाचा झाला.

एक हिशोब पाहू. समजा, राज्यातल्या विद्यार्थ्याला वर्षाला १२ हजार डॉलर फी आहे आणि बाहेरच्याला ३२ हजार. बाहेरच्या हुशार विद्यार्थ्याला १५ हजारांची स्कॉलरशिप दिली, तरी तो १७ हजार भरतो. म्हणजे विद्यापीठाला चांगला विद्यार्थी मिळतो आणि स्थानिकापेक्षा जास्त फीसुद्धा.

याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे टस्कलूसा इथली युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामा. तिथले निम्म्याहून अधिक विद्यार्थी अलाबामाच्या बाहेरचे आहेत. २०२३ च्या सुमारास तिथल्या तक्त्यानुसार राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला जीपीए किमान ३.५ आणि एसीटीत किमान ३२ किंवा सॅटमध्ये किमान १४२० गुण असतील, तर वर्षाला २८ हजार डॉलर मिळत होते. हे तक्ते दरवर्षी बदलू शकतात. त्यामुळे ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा आहे, त्याच वर्षाचा तक्ता पाहावा लागतो.

पात्रता ठरते कशावर?

पहिली गोष्ट जीपीए. हा शाळेतल्या गुणांचा सरासरी आकडा, साधारणपणे ४ पैकी. अमेरिकेत पदवीच्या प्रवेशासाठी नववीपासूनचे गुण पाहिले जातात. आपल्याकडे नववी आणि अकरावी ‘आरामाची वर्षं’ मानली जातात, आणि महाराष्ट्रातले अनेक विद्यार्थी इथेच मागे पडतात. दहावीला ९५ टक्के असले तरी अकरावीची कोरी-करकरीत नापास गुणपत्रिका लपवता येत नाही.

जीपीएमध्येही दोन प्रकार आहेत. ‘वेटेड’ म्हणजे अवघड विषयांना जादा वजन देऊन काढलेला. तो ४ च्या वर जाऊ शकतो. ‘अनवेटेड’ म्हणजे सगळे विषय समान धरून काढलेला. तक्त्यात यातला कोणता अपेक्षित आहे, हे आधी वाचायला हवं. शाळेच्या कागदावर ४.२ दिसणारा जीपीए विद्यापीठाच्या पद्धतीने ३.७ निघू शकतो.

दुसरी गोष्ट परीक्षा. सॅट ४०० ते १६०० गुणांची असते, एसीटी १ ते ३६ ची. करोनाच्या काळात अनेक विद्यापीठांनी प्रवेशासाठी परीक्षेची सक्ती काढली. पण प्रवेशाला परीक्षा ऐच्छिक असली, तरी मोठ्या स्कॉलरशिपसाठी तिचे गुण लागू शकतात. याउलट टुसानच्या युनिव्हर्सिटी ऑफ ॲरिझोनासारखी विद्यापीठं मुख्य विषयांच्या जीपीएवर रक्कम ठरवतात.

दहा गुणांची किंमत

तक्ता पायऱ्यांचा असतो आणि दोन पायऱ्यांच्या मधल्याला काही मिळत नाही. समजा, सॅटच्या १३५० ते १३९० गुणांना वर्षाला १५ हजार डॉलर आहेत आणि १४०० पासून पुढे २० हजार. मग १३९० आणि १४०० यांतल्या १० गुणांची किंमत चार वर्षांत २० हजार डॉलर होते. म्हणून पायरीच्या काठावर असलेल्या विद्यार्थ्याने पुन्हा परीक्षा देणं फायद्याचं ठरू शकतं. मात्र नवे गुण विद्यापीठाकडे कोणत्या तारखेपर्यंत पोहोचायला हवेत, हे पाहूनच.

ही तारीखही महत्त्वाची. स्कॉलरशिपची शेवटची तारीख प्रवेशाच्या तारखेच्या बरीच आधी असू शकते. प्रवेश मिळाला, गुणही होते, पण अर्ज उशिरा गेला म्हणून पैसे गेले, असं होऊ शकतं.

राज्याची स्कॉलरशिप वेगळी

विद्यापीठाची स्कॉलरशिप आणि राज्य सरकारची स्कॉलरशिप यांत गल्लत होते. जॉर्जिया राज्याची ‘होप’ स्कॉलरशिप १९९३ मध्ये गव्हर्नर झेल मिलर यांच्या काळात सुरू झाली. तिचा पैसा राज्याच्या लॉटरीतून येतो. त्यासाठी शाळेत ३.० जीपीए लागतो आणि तो राज्य स्वतःच्या पद्धतीने मोजतं. कॉलेजातही ३.० टिकवावा लागतो. फ्लोरिडाची ‘ब्राइट फ्युचर्स’ ही योजनाही लॉटरीच्याच पैशावर चालते.

अटलांटा परिसरातल्या मराठी कुटुंबांसाठी इथे एक मोठी अट आहे. ‘होप’साठी विद्यार्थी जॉर्जियाचा रहिवासी आणि अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकासारखा पात्र रहिवासी असावा लागतो. आईवडील एच-१बी व्हिसावर आणि मूल एच-४ वर असेल, तर शाळेत पहिला नंबर काढूनही ‘होप’ मिळत नाही. अशा मुलांसाठी विद्यापीठांच्या स्वतःच्या स्कॉलरशिप महत्त्वाच्या ठरतात, कारण त्यांचे नियम वेगळे असतात.

टेक्सासमध्ये आणखी एक सोय आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठाकडून स्पर्धेतून किमान १ हजार डॉलरची स्कॉलरशिप मिळाली, तर बाहेरच्या विद्यार्थ्यालाही राज्यातल्या दराने फी लावता येते. परदेशी विद्यार्थीही यात येऊ शकतात. अशा वेळी स्कॉलरशिपच्या रकमेपेक्षा फीतली सवलतच कितीतरी मोठी ठरते.

मिळाली, पण टिकेल का?

पत्रावर लिहिलेली मोठी रक्कम बऱ्याचदा चार वर्षांची मिळून असते. ती दरवर्षी चालू राहण्यासाठी साधारण ३.० च्या आसपास जीपीए आणि प्रत्येक सत्रात पूर्णवेळ शिक्षण, अशा अटी असतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात गणित किंवा केमिस्ट्रीचा एक पेपर जड गेला, तरी हा आकडा खाली येतो. दुसऱ्या वर्षी पूर्ण फी भरायची वेळ आली, तर घरचं सगळं गणित कोलमडतं.

स्कॉलरशिप ठरावीक रकमेची असेल, तर फी वाढली तरी ती वाढत नाही. राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा असतो. फी आणि पुस्तकांसाठी वापरलेल्या रकमेवर अमेरिकेत कर लागत नाही, पण राहण्या-जेवणासाठी वापरलेली रक्कम करपात्र ठरते. भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्याला एफ-१ व्हिसासाठी लागणारा आय-२० मिळवताना उरलेल्या खर्चाचे पैसे आपल्याकडे आहेत, हेही दाखवावं लागतं.

हो म्हणण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. हा तक्ता कोणत्या वर्षाच्या प्रवेशासाठी आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांना लागू आहे का?
२. जीपीए वेटेड धरणार की अनवेटेड, आणि भारतीय बोर्डाचे गुण कसे बदलणार?
३. अर्ज आणि परीक्षेचे गुण पोहोचण्याची शेवटची तारीख कोणती?
४. टिकवण्यासाठी किती जीपीए लागेल आणि एकदा गेलेली स्कॉलरशिप परत मिळते का?
५. स्कॉलरशिप वजा जाता चार वर्षांत खिशातून किती जाणार?

हार्वर्ड किंवा येलसारखी आयव्ही लीगमधली विद्यापीठं मेरिट स्कॉलरशिप देतच नाहीत. तिथली मदत कुटुंबाच्या गरजेवर ठरते. मध्यमवर्गीय घरातल्या हुशार मुलासाठी एखादी कमी गाजलेली स्टेट युनिव्हर्सिटी त्यामुळे बरीच स्वस्त पडू शकते. पण ठरवताना स्कॉलरशिपचा आकडा मोठा आहे का, यापेक्षा पाचव्या प्रश्नाचं उत्तर घराला झेपणारं आहे का, हे पाहायला हवं.